स्वदेशी संगणक : किती आपला, किती वेगवान?

(विद्यार्थी व पालकांसाठी झालेल्या एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



पुण्याच्या 'परम' महासंगणकाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. विचारणारा बहुधा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असतो. त्याने कुठेतरी वाचलेले असते की 'परम ८०००' मध्ये बसविलेली चिप ब्रिटनमधील कंपनीची होती. तो विचारतो, मेंदूच परका असेल तर यंत्राला स्वदेशी कोणत्या अर्थाने म्हणायचे? असा प्रश्न आला की सभागृहातील काही मंडळी अस्वस्थ होतात. प्रश्नकर्त्याच्या देशभक्तीविषयी शंका घेण्यापर्यंतही काहींची मजल जाते. वस्तुतः प्रश्न रास्त आहे आणि त्याला रागाने नव्हे, तपशिलाने उत्तर दिले पाहिजे. त्याच्या जोडीला दुसरा, तितकाच रास्त प्रश्न उभा आहे : ते यंत्र खरोखर वेगवान होते का, आणि वेगवान म्हणजे किती? पहिला प्रश्न घडणीचा आहे, दुसरा मोजणीचा. दोन्हींची उत्तरे घरातल्या टेबलावरील संगणकापासून शोधायला लागले तर अधिक सोपी जातात.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत महाराष्ट्रातील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक आला तो कोणत्याही बड्या कंपनीचे नाव नसलेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, कुणा परिचिताच्या चिरंजीवांनी रविवारी येऊन ते जोडायचे आणि सोमवारपासून घरात संगणक! या यंत्राला सर्वजण 'असेंबल्ड' म्हणत. कॅबिनेट, वीज पुरविणारा एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा, रॅम, हार्ड डिस्क, चित्र दाखविणारे कार्ड. हाताशी चांगला स्क्रूड्रायव्हर आणि अंगी थोडा धीर असला तर काम दोन-तीन तासांचे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटवरील खुणेशी जुळवायची, जोर न लावता तो ठेवायचा, खटका दाबायचा. प्रोसेसर आणि पंख्याखालचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप मटाराच्या दाण्याएवढा लावायचा. लेप जास्त लावला तर प्रोसेसर अधिक थंड राहील, अशी नवशिक्यांची समजूत असते. लेपाचे काम पृष्ठभागांमधील सूक्ष्म पोकळ्या भरण्याचे आहे, थर चढविण्याचे नव्हे.

असे यंत्र जोडणाऱ्या मुलाने संगणक 'बनविला' असे म्हणता येईल काय? एकही भाग त्याने निर्माण केलेला नाही. प्रोसेसर मलेशियात बंद झालेला, मदरबोर्ड तैवानच्या कंपनीचा, हार्ड डिस्क थायलंडमधील, असे ते कडबोळे. तरीही कंपनीचा बंद डबा विकत घेणारा आणि भाग निवडून जोडणारा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जोडणाऱ्याला कोणता भाग काय करतो हे ठाऊक असते. यंत्र बंद पडले तर दोष कुठे आहे हे तो तासाभरात शोधतो. दोन वर्षांनी वेग कमी पडला तर संपूर्ण यंत्र मोडीत न काढता नेमका एक भाग बदलतो. सुटे भाग परके, पण निवड, रचना आणि दुरुस्ती आपली. 'परम'च्या प्रश्नाचे उत्तर याच दिशेने जाते. तथापि, त्याआधी मोजणीचे पाहू, कारण सुटे भाग निवडताना पहिली फसगत तिथेच होते.

ठोक्यांचा भ्रम

त्या काळात संगणकाची ऐपत सांगायची रीत एकच होती : किती मेगाहर्ट्झ? शेजाऱ्याचा ७३३ तर आपला ८६६, म्हणजे आपला सरस. हा आकडा प्रोसेसरच्या घड्याळाचा आहे. एका सेकंदात किती ठोके पडतात एवढेच तो सांगतो. माणूस किती झपाझप पावले टाकतो यावरून तो किती अंतर कापील हे कळत नाही. पाऊल केवढे पडते हेही पाहावे लागते. नोव्हेंबर २०००मध्ये इंटेलने 'पेंटियम ४' बाजारात आणला तेव्हा त्याचे ठोके १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ होते, आणि तरीही काही कामांत १ गिगाहर्ट्झचा जुना 'पेंटियम ३' त्याला मागे टाकी. नव्या चिपची रचना ठोके वाढविण्यासाठी केली होती. प्रत्येक आज्ञा अधिक लहान टप्प्यांत विभागलेली, त्यामुळे दर ठोक्याला होणारे काम कमी. प्रतिस्पर्धी एएमडीने २००१मध्ये वेगळा उपाय योजला. त्यांच्या 'अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+' या चिपचे प्रत्यक्ष ठोके १५३३ मेगाहर्ट्झ होते. नावातील १८०० हा आकडा कामगिरीचा निर्देशांक म्हणून दिलेला. एका कंपनीने मोजपट्टी सोयीची निवडली, दुसरीने मोजपट्टीवरचे आकडे स्वतःच छापले, असेही कुणी म्हणेल! शेवटी उष्णतेने निकाल लावला. २००४मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला आणि एकाच चिपवर अनेक गाभे बसविण्याची वाट सर्वांनीच धरली.

मग संगणकांची तुलना करायची कशी? दोन्ही यंत्रांना एकच काम द्यावे आणि घड्याळ लावावे. हेच 'बेंचमार्क'. १९८८मध्ये संगणक उत्पादकांनी एकत्र येऊन 'स्पेक' नावाची संस्था स्थापिली ती याच हेतूने, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या सोयीची परीक्षा घेऊन प्रथम क्रमांक जाहीर करू नये यासाठी. अर्थात, परीक्षा ठरली की प्रश्नपत्रिका पाहून अभ्यास करणारेही निघतातच. २००३च्या सुमारास चित्र-कार्डांच्या क्षेत्रात असे उघडकीस आले की कार्डाबरोबर येणारी आज्ञावली चाचणी सुरू झाली आहे हे ओळखे आणि तेवढ्यापुरते काम उरकून आकडा फुगवी. चाचणी उत्तम, खेळ मात्र पूर्वीइतकाच अडखळणारा. म्हणून जाणकार मंडळी चाचणीचा आकडा पाहतात, पण स्वतःचे रोजचे काम चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाहीत.

घरगुती अनुभवातील आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती माहिती वाचकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते. तेवढ्या ४ मिलिसेकंदांत ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे सव्वा कोटी ठोके वाया जातात. अशा संगणकात महागडा प्रोसेसर बसविणे म्हणजे अरुंद बोळाच्या तोंडाशी रुंद रस्ता बांधणे होय. तबकडीऐवजी फिरणारा भाग नसलेली एसएसडी बसविली की दहा वर्षांचा जुना संगणकही टवटवीत होतो, तो यामुळेच. यंत्राचा वेग त्याच्या सर्वांत मंद घटकाच्या मुठीत असतो. महासंगणकाची सारी कहाणी या एका नियमाशी झुंजण्याची आहे.

टिफ्रॅक ते परम

भारतात संगणक घडविण्याचा इतिहास 'परम'पासून सुरू होत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांच्या चमूने १९५०च्या दशकात आधी एक प्रायोगिक यंत्र आणि नंतर पूर्ण आकाराचा संगणक बांधला. तो १९६०मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या भाषेत हिशेब केला तर १० किलोबाइट. भ्रमणध्वनीवरून पाठविलेल्या एका लहानशा छायाचित्रालाही ती पुरणार नाही. ज्यांनी हे यंत्र बांधले त्यांपैकी कुणीही यापूर्वी संगणक बांधलेला नव्हता. दुर्दैवाने काळ वेगाने पुढे गेला. यंत्र उभे राहीपर्यंत जगात निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली होती. १९६४मध्ये त्याच संस्थेत अमेरिकी बनावटीचा 'सीडीसी ३६००' दाखल झाला आणि टिफ्रॅकला निवृत्ती मिळाली.

घडविण्याची ही ऊर्मी पुढे वीसेक वर्षे विखुरलेलीच राहिली. तिला पुन्हा एकवटले ते एका नकाराने. १९८०च्या दशकात भारताला हवामान अंदाजासाठी आणि विज्ञान संशोधनासाठी महासंगणक हवा होता. त्या काळी महासंगणक म्हणजे अमेरिकेचा 'क्रे'. अमेरिकी शासनाने दीर्घ वाटाघाटींनंतर भारताने मागितले त्याहून कमी शक्तीचे 'एक्स-एमपी १४' हे मॉडेल देऊ केले, तेही हवामानाखेरीज अन्य कशासाठी वापरणार नाही या अटीवर आणि वापरावर देखरेख ठेवून. संगणक दिल्लीत आला. पण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर कोणते गणित सोडवायचे हे दुसऱ्याने ठरवावे, ही गोष्ट वैज्ञानिकांना लागली. ती लागायलाच हवी होती.

मार्च १९८८मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांतर्गत पुण्यात 'प्रगत संगणन विकास केंद्र' म्हणजे सी-डॅक स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर त्याचे संस्थापक कार्यकारी संचालक. उद्दिष्ट तीन वर्षांचे, खर्च तीस कोटी रुपये आणि वेग एक गिगाफ्लॉप. दशांशचिन्ह असलेल्या दोन संख्यांची एक बेरीज किंवा एक गुणाकार ही एक क्रिया. अशा शंभर कोटी क्रिया एका सेकंदात करणे म्हणजे एक गिगाफ्लॉप. सी-डॅक या वाटेवर एकटे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत रोद्दम नरसिंह संचालक असताना १९८६मध्येच 'फ्लोसॉल्वर' उभा राहिला होता. भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'अनुपम', संरक्षण संशोधन संघटनेचा 'पेस' हे त्याच पिढीचे. सर्वांनी स्वतंत्रपणे एकच मार्ग निवडला. क्रेसारखा एक अतिबलाढ्य प्रोसेसर आपल्याला करता येत नाही, तर मग बाजारात सहज मिळणारे अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपायचे.

येथे ती ब्रिटिश चिप येते. ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीच्या 'टी-८००' ट्रान्सप्युटरचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे जन्मजात होते. १९९०मध्ये ६४ प्रोसेसरांचा नमुना झाला आणि १९९१मध्ये 'परम ८०००' पूर्ण झाला. मोठ्या रूपात त्यात २५६ प्रोसेसर बसत. त्यातले आपले काय? चिप नव्हे. यंत्राची संपूर्ण रचना आपली, मंडले आपली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २५६ जणांकडून एक काम करवून घेणारी 'पारस' ही आज्ञावली आपली. रशिया, जर्मनी आणि ब्रिटनमध्येही हे यंत्र गेले. ज्या देशाची चिप त्याच देशाला यंत्र विकणे, याला काही तरी अर्थ निश्चितच आहे.

जुंपणे म्हणजे काय याची कल्पना पंगतीवरून येईल. पाचशे पानांची पंगत बसली आहे. एक वाढपी असेल तर चटणी वाढेपर्यंत पहिल्याचा भात निवतो. वीस वाढपी लावले तर काम झपाट्याने होते. पण भाताचे पातेले शिजायला जो वेळ लागायचा तो लागणारच. दोनशे वाढपी आणून उभे केले तरी भात लवकर शिजत नाही. जीन अ‍ॅमडाल या संगणक अभियंत्याने १९६७मध्ये हीच गोष्ट मांडली. एकूण कामाचा पाच टक्के भाग वाटून घेता येण्याजोगा नसेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग वीसपटीच्या वर जाऊच शकत नाही. २५६ प्रोसेसर लावून मिळतात सुमारे साडेअठरा पटी! उरलेले नुसते ताटकळत राहतात. त्यात पुन्हा वाढप्यांनी एकमेकांना निरोप द्यायचे, एकाने आमटी आणेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. म्हणून समांतर संगणकात चिपइतकेच, किंबहुना चिपहून अधिक मोल असते ते तिला जोडणाऱ्या जाळ्याचे आणि कामाची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीचे. हवामानाचे जागतिक गणित क्रेसारख्या यंत्रासाठी लिहिलेले होते. ते देशी समांतर यंत्रांवर बसविताना वैज्ञानिकांना हाच घाम गाळावा लागला. ज्यांनी तो गाळला ती पिढीच या प्रकल्पाची खरी कमाई.

जाहीर वेग आणि प्रत्यक्ष वेग

आता दुसरा प्रश्न. महासंगणकाचा वेग दोन प्रकारे सांगितला जातो. एक कागदावरचा कमाल वेग : प्रोसेसरांची संख्या गुणिले ठोके गुणिले दर ठोक्याच्या क्रिया. हा आकडा यंत्र चालू न करताही काढता येतो. दुसरा प्रत्यक्ष मिळालेला वेग. तो मोजण्यासाठी जॅक डोंगारा यांच्या 'लिनपॅक' चाचणीत यंत्राला एक अवाढव्य समीकरणसंच सोडवायला देतात. दहावीत दोन चलांची दोन समीकरणे सोडवितात. इथे लाखो चलांची लाखो समीकरणे. जून १९९३पासून वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबरात, या चाचणीवरून जगातील ५०० महासंगणकांची यादी प्रसिद्ध होते. वृत्तपत्रांतून येणारा 'जगात अमुक क्रमांक' तो हाच.

सी-डॅकच्या 'परम पद्म'ने जून २००३च्या यादीत १७१वा क्रमांक मिळविला. त्यात आयबीएमचे २४८ प्रोसेसर होते, प्रत्येकाची क्षमता चार गिगाफ्लॉप. गुणाकार केला की ९९२, म्हणजे जवळजवळ एक टेराफ्लॉप, सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. जाहीर चर्चेत हाच टेराफ्लॉपचा आकडा गाजला. प्रत्यक्ष चाचणीत मिळाले ५३२ गिगाफ्लॉप, कमाल वेगाच्या सुमारे ५४ टक्के. यात लाजण्यासारखे काही नाही, जगभर असेच होते. पण अभिमानाने सांगायचा आकडा ५३२ हा आहे, कारण तो कमावलेला आहे. शिवाय या यंत्रातील प्रोसेसरांना जोडणारे 'परमनेट' हे जाळे सी-डॅकनेच विकसित केले होते. ज्या घटकावर समांतर यंत्राचे यश अवलंबून, तो घटक एव्हाना आपला झाला होता. १९९०च्या तुलनेत हे पाऊल पुढचे.

त्यानंतर चारच वर्षांनी पुण्याने आणखी मोठी मजल मारली. टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला 'एक' हा महासंगणक नोव्हेंबर २००७च्या यादीत जगात चौथा आणि आशियात पहिला आला. प्रत्यक्ष वेग ११७.९ टेराफ्लॉप, कागदावरचा १७०.९, म्हणजे ६९ टक्के. ही कामगिरी असामान्यच. परंतु घडणीच्या मोजपट्टीवर पाहिले तर त्यातील सर्व्हर एचपीचे, प्रोसेसर इंटेलचे आणि जाळेही बाजारातून घेतलेले होते. रचना व जोडणीचे कौशल्य भारतीय. वेगात 'एक' खूप पुढे. आपलेपणात 'पद्म' पुढे. दोन वेगवेगळ्या परीक्षांचे गुण एकत्र करून एकच निकाल लावण्याचा मोह टाळला पाहिजे. क्रमांकाचे आयुष्यही फार थोडे असते. अधिक वेग मिळवूनही 'एक' सहा महिन्यांत आठव्या स्थानी आणि वर्षभरात तेराव्या स्थानी गेला. यंत्र मंदावले नव्हते, इतर पुढे गेले होते.

लिनपॅकलाही मर्यादा आहेत. ती चाचणी प्रोसेसरला सोयीची आहे : माहिती एकदा जवळ आणली की तिच्यावर पुष्कळ काम करायला मिळते. हवामान, द्रवगतिकी, बांधकामांची ताकद अशा खऱ्या गणितांत थोड्या कामासाठी सतत दूरच्या स्मृतीकडे धाव घ्यावी लागते. घरच्या संगणकातील हार्ड डिस्कचीच गोष्ट, मोठ्या प्रमाणावर. म्हणून डोंगारा यांनीच २०१३मध्ये 'एचपीसीजी' ही अधिक कठोर चाचणी सहकाऱ्यांसह पुढे आणली. जपानचा 'फुगाकू' २०२०मध्ये जगात पहिला होता. लिनपॅकवर त्याचा वेग ४४२ पेटाफ्लॉप, तर या नव्या चाचणीवर १६. पेटाफ्लॉप म्हणजे टेराफ्लॉपच्या हजारपट. जगज्जेते यंत्र, पण कठोर परीक्षेत लिनपॅकच्या आकड्याचे जेमतेम साडेतीन टक्के! आणि तरीही त्या परीक्षेतही तेच पहिले होते.

फुगाकूचे आणखी एक उदाहरण सुरुवातीच्या प्रश्नासाठी उपयोगी आहे. त्याचा प्रोसेसर जपानच्या फुजित्सू कंपनीने स्वतः आखला. पण त्याची आज्ञाभाषा 'आर्म' या मूळच्या ब्रिटिश कंपनीची आणि चिप प्रत्यक्ष छापली गेली तैवानमध्ये. जपानी माणूस त्याला परका म्हणत नाही. संगणक संपूर्णपणे एकाच देशाच्या सीमेत घडावा अशी स्थिती आज कोणत्याच देशाची नाही. प्रश्न असा विचारला पाहिजे की कोणता भाग अडवला गेला तर आपले काम बंद पडेल, आणि तो भाग स्वतः करण्याची विद्या आपल्याजवळ आहे का?

या कसोटीवर गेल्या दहा वर्षांचा हिशेब संमिश्र आहे. २०१५मध्ये केंद्र शासनाने ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले. सूत्रे सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्याकडे. २०१९मध्ये वाराणसीच्या आयआयटीत 'परम शिवाय' बसला. नोव्हेंबर २०२०मध्ये 'परम सिद्धी' जगात ६३वा, जून २०२३मध्ये पुण्याचाच 'ऐरावत' ७५वा. या दोन्हींचे बळ एनव्हिडियाच्या चिपमध्ये आहे, हे लपविण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२४मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे राष्ट्रार्पण झालेल्या तीन 'परम रुद्र' यंत्रांत मात्र सर्व्हरचे मंडल सी-डॅकने आखलेले आणि भारतात बनलेले आहे. प्रोसेसर अजून इंटेलचा. पुण्याचे यंत्र नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांसाठी वापरले जाते. म्हणजे जोडणी, आज्ञावली, जाळे आणि सर्व्हर असा एकेक थर आपल्या हाती येत गेला. सर्वांत आतला थर बाकी आहे. त्यासाठी सी-डॅकची 'वेगा' आणि मद्रास आयआयटीची 'शक्ती' ही प्रोसेसर-मालिका खुल्या 'रिस्क-फाइव्ह' आज्ञाभाषेवर घडविली गेली. आज्ञाभाषा खुली असल्याने परवान्याचा गळफास नाही. मोहालीच्या कारखान्यात अंतराळ मोहिमांसाठी घडलेला ३२ बिटांचा 'विक्रम' प्रोसेसर २०२५मध्ये जाहीर झाला. तो १८० नॅनोमीटर तंत्राचा आहे. अग्निबाणासाठी हे तंत्र भरवशाचे आणि पुरेसे, महासंगणकासाठी नाही. ही तफावत भाषणांनी भरून निघत नाही.

दरम्यान ज्या हवामानापायी हे सारे सुरू झाले तिथे काय झाले? सप्टेंबर २०२४मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्क' आणि नोएडात 'अरुणिका' ही यंत्रे सुरू झाली, क्षमता ११.७७ आणि ८.२४ पेटाफ्लॉप, एकत्रित खर्च ८५० कोटी. यंत्रे फ्रेंच कंपनीची आहेत. परंतु मे २०२५मध्ये सुरू झालेली 'भारत अंदाज प्रणाली' पुण्याच्या वैज्ञानिकांची आहे. पूर्वी अंदाजाचा चौकोन १२ किलोमीटरचा होता, तो ६ किलोमीटरचा झाला. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. म्हणजे गणित साधारण आठपट. एवढे गणित पाऊस पडून जाण्याच्या आत सुटले पाहिजे. जुन्नर आणि शिरूर हे तालुके शेजारचे, पण पाऊसमानात फार वेगळे. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने १२चे ६ होणे हीच खरी मोजपट्टी आहे. यंत्र परके, गणित आपले. १९८८पेक्षा फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की आता या यंत्रावर काय सोडवायचे हे विचारायला कुणी परका पहारेकरी शेजारी बसलेला नाही.

ज्या विद्यार्थ्यांना हे सारे दूरचे वाटते त्यांनी १९९४ हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्या वर्षी अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारातील साध्या ४८६ प्रोसेसरांचे सोळा संगणक सामान्य इथरनेट तारांनी जोडून 'बेवुल्फ' उभा केला. आजचे बहुतेक महासंगणक याच कल्पनेचे वंशज आहेत. शाळा-महाविद्यालयांत मोडीत काढलेले चार-सहा संगणक लिनक्स टाकून असेच जोडता येतात आणि लिनपॅकची एचपीएल ही आवृत्ती विनामूल्य उपलब्ध आहे.

घरातल्या एकाच संगणकावरही प्रयोग होतो. दहा हजार समीकरणांचा संच घ्यावा. आकडे साठवायला ८० कोटी बाइट स्मृती लागते आणि सोडवायला सुमारे ६६,७०० कोटी क्रिया. घड्याळात दहा सेकंद लागले तर वेग निघाला ६७ गिगाफ्लॉप. कागदावरचा वेग काढावा : चार गाभे, ३ गिगाहर्ट्झ, दर ठोक्याला १६ क्रिया, म्हणजे १९२. मिळाले ३५ टक्के, 'पद्म'च्याही मागे. मग कारणे शोधावीत. गणिताची आज्ञावली त्या प्रोसेसरसाठी बांधलेली आहे का? मागे दुसरी कामे चालू आहेत का? बहुतेक घरांत कारण कॅबिनेट उघडल्यावर दिसते : पंख्यावर धुळीचा थर, लेप वाळून पापुद्रे सुटलेले, आणि तापलेला प्रोसेसर जीव वाचविण्यासाठी स्वतःचे ठोके कमी करीत असलेला. पंखा साफ करावा, नवा लेप लावावा, तीच चाचणी तीन वेळा घ्यावी आणि तिन्ही वेळचे आकडे, तारीख आणि खोलीचे तापमान वहीत लिहून ठेवावे.